सहा वाजता

वूअलाय रस्त्यावर शनिवारी
आधी लोखंडी खांब येतात, मग ताडपत्र्या,
मग वायरचं वेटोळं खांद्यावर घेऊन एक पोरगा.
दुपारपर्यंत इथून मोटारी जात होत्या
हे पाचनंतर कुणाला पटू नये.

एवढी माणसं, आणि धक्का नाही.
संथ पाण्यात सोडल्यासारखी सगळी पुढे सरकतात.
उजवीकडे सॉसेजच्या गुंडाळीतून गवती चहाचा वास,
डावीकडे एक बाई आप्पेपात्रावर ओणवलेली.
आप्पेपात्रच ते. नाव तेवढं वेगळं, खनोम क्रोक.
नारळाचं दूध, वर कांद्याची पात.
मी म्हटलं, अगं, हे तर आमचंच!
तीही काहीतरी म्हणाली. बहुतेक तेच.

रस्त्याच्या मधोमध, एकामागे एक,
प्लास्टिकच्या स्टुलांवर पाच आंधळे वादक.
शेवटच्या बाईच्या गळ्यात पैशांची पेटी.
गर्दी त्यांच्यापाशी उसवते
आणि त्यांच्यामागे पुन्हा शिवली जाते.

मला एक वाटी हवी होती.
ही गल्ली चांदीची, असं कुणीतरी सांगितलेलं.
आता बरंचसं ॲल्युमिनियम, हे इथे आल्यावर कळलं.
मागे दुआङखाम ठोकत बसलेला,
राळेवर पत्रा, पत्र्यावर हत्ती,
हत्तीला सोंड अजून यायची होती.
पुढे त्याची लेक, पिमचनोक.
आमच्यात भाषा नव्हती. कॅल्क्युलेटर होता.
तिनं दाबले साडेचारशे.
मी तीनशे.
तिनं छातीवर हात ठेवला, जणू मी बापाचाच भाव केला,
आणि दाबले चारशे वीस.
मी यंत्र ओढून घेतलं, तीन दाबला,
पुढच्या आकड्यासाठी बोट उचललं

तोच सहा वाजले.

कुठल्याशा कर्ण्यातून त्यांचं राष्ट्रगीत,
आणि रस्ता जागच्या जागी उभा.
चिमट्यातला मासा हवेत.
एक नोट दोन हातांच्या मध्ये, अजून कुणाचीच नाही.
एका मुलाचं आइस्क्रीम मनगटावरून कोपरापर्यंत आलं,
त्यानं ते येऊ दिलं.
दुआङखाम उठला तेव्हा मांडीवरचा चुरा चमकत खाली सांडला.
आंधळे वादक सगळ्यांच्या आधी उभे होते.

तेल तेवढं थांबलं नाही, ते तडतडत राहिलं.
आणि एक कुत्रं,
रोज पायांच्या जंगलातून वाट काढणारं,
आज मधोमध चालत गेलं,
तपासणीला आलेल्या साहेबासारखं.

दुसऱ्यांच्या राष्ट्रगीतात कसं उभं राहायचं
हे मला कुणी शिकवलेलं नाही.
मी आपली शाळेतली सावधान,
कॅल्क्युलेटरसकट.
समोर पिमचनोक, नजर रस्त्यापार.
अंगठ्याला चिकटपट्टी.
एका कानात फूल, दुसरा कान रिकामा.
ओठ हलत होते, आवाज नव्हता.
इतका वेळ मी वाटी पाहत होते आणि आकडा.

मग गीत संपलं.
कुणी टाळी वाजवली नाही, कुणी श्वासही सोडला नाही,
नुसतं सगळं पुढे सुरू झालं.
मासा ताटलीत, नोट खिशात.
शेवटच्या बाईनं गाणं उचललं
जिथे ठेवलं होतं त्याच अक्षरावरून.

मी खाली पाहिलं तर पडदा कोरा.
जुनं यंत्र, उजेडावर चालणारं,
आणि माझाच तळवा त्याच्या पट्टीवर.
मी ते तिला दाखवलं. ती खळखळून हसली,
यंत्र दिव्याखाली धरलं
आणि पुन्हा पहिल्यापासून, साडेचारशे.

तीनशे ऐंशीला सुटलं.
कोण जिंकलं, मला माहीत नाही.
तिनं वाटी वर्तमानपत्रात बांधली,
त्यातलं एकही अक्षर मला वाचता येईना.

खोलीवर येऊन वाटीत पाणी ओतलं.
काठावरचे ठोके बोटानं मोजत गेले,
बत्तीस, तेहेतीस, मग एक जरा लांबचा.
वाटी आधीच घडलेली होती, सहाच्या कितीतरी आधी.
तरीही त्या जागी
बोट दरवेळी थांबतं.